आधी सूर धरायला शिकवा!

नव्या मुंबईत मुलाला वाद्य शिकवणे आज मुळीच अवघड राहिलेले नाही. वाशी घ्या, नेरूळ घ्या, ऐरोली घ्या की खारघर घ्या. कुठल्याही सेक्टरात एखाद्या इमारतीच्या तळमजल्यावर कीबोर्डचा वर्ग भरलेला सापडतोच. संध्याकाळ झाली की पाठीवर लांबट काळी पिशवी घेतलेली मुले रस्त्याने जाताना दिसतात, आणि त्यांना पोहोचवायला निघालेल्या आयांच्या चेहऱ्यांवर, आपण लेकरासाठी काही करतो आहोत, असे समाधान असते. ते समाधान खोटे आहे असे मी म्हणणार नाही. ज्या घरात तीन पिढ्यांत कुणी वाद्याला हात लावला नव्हता त्या घरात वाद्य आले, ही चांगलीच गोष्ट झाली. माझे भांडण निराळ्या गोष्टीशी आहे. ह्या मुलांना एकट्याने वाजवायला शिकवले जाते. दुसऱ्याच्या गाण्याला साथ करायला कुणी शिकवत नाही. आणि ज्याला साथ करता येत नाही त्याला वाद्य येते, असे मी समजत नाही.

हे विधान कुणाला आगाऊपणाचे वाटेल. मी संगीतज्ञ नाही. शाळेत मुले शिकवतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. परंतु स्नेहसंमेलनात पडद्यामागे उभे राहण्याचे काम वर्षानुवर्षे माझ्याकडे आहे. मुलांना काय येते आणि काय येत नाही, हे त्या जागेवरून फार स्वच्छ दिसते.

काही वर्षांमागे आम्ही संमेलनात एका मुलीच्या आजीला गायला बोलावले. बाई गावठाणातल्या, आगरी समाजातल्या, लग्नात धवळे गाणाऱ्या. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो: आगरी लग्नातले मांडवाचे, हळदीचे विधी ज्या गाण्यांच्या आधाराने पार पडतात ती गाणी म्हणजे धवळे, आणि ती गाणारी, देवांना गाण्यातून आवतण देणारी स्त्री म्हणजे धवळारीण. हे गाणे वाद्याविना चालते. पण संमेलन म्हटले की काहीतरी वाजले पाहिजे, असा आपला समज; म्हणून आठवीतल्या एका मुलाला साथीला बसवले. मुलगा गुणी होता. त्याने बऱ्याच ग्रेड पार केल्या होत्या, आणि परदेशी गतींचे दोनतीन तुकडे तो असे वाजवी की ऐकणाऱ्याने थक्क व्हावे.

त्याने अदबीने विचारले, "आजी, कुठल्या स्केलमध्ये गाणार?"

आजी म्हणाल्या, "मना स्केलबिल काय ठाव नाय रं बाला. मी बोलतंय, तू ये माझे मांगं."

मागे यायचे कसे, हे त्या मुलाला कुणी कधी सांगितलेच नव्हते. त्याने गडबडीत एक कळ दाबली आणि यंत्रातला ठेका सुरू झाला. आजींचे गाणे श्वासाच्या लयीने चाललेले. एक ओळ लांबे, दुसरी आखडे, मध्येच त्या थांबून पुढच्या कडव्याची जुळवाजुळव करीत. यंत्र मात्र कुणासाठी थांबेना. दोन कडव्यांनंतर आजी गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "तुझे मशीनला घाई हाय, तिला जाव दे फुडं." सभागृह हसले. मुलाचे डोळे भरून आले.

मी त्या मुलाला दोष देत नाही, त्याच्या शिक्षकालाही देत नाही. दोष आहे तो, वाद्य म्हणजे परीक्षा अशी समजूत करून घेणाऱ्या आपणा सर्वांचा. परीक्षेला तीन तुकडे बसवायचे, सप्तकांच्या धावा घोटायच्या, कागदावरचे वाचून वाजवायचे. कानाची चाचणीही असते, नाही असे नाही. पण समोर बसलेले जिवंत माणूस, जे गाता गाता अडखळते, खोकते, कडवे विसरते आणि एखाद्या शब्दावर आठवण येऊन रेंगाळते, ते माणूस परीक्षेच्या खोलीत बहुधा नसते. वर्ष संपते, प्रमाणपत्र भिंतीवर लागते आणि मुलाच्या बोटांना माणसाची सवय होतच नाही.

इथे एक पक्ष लगेच उभा राहील आणि म्हणेल, "अहो, लोकगीताला पट्ट्यांचे वाद्य मुळी शोभतच नाही. ते गाणे तसेच राहू द्या." हा पक्ष जुना आहे आणि त्याच्या मागे मोठी नावे आहेत. हार्मोनियम फ्रान्सात १८४० च्या सुमारास जन्मली, कलकत्त्याला द्वारकानाथ घोषांसारख्या कारागिरांनी तिला हाताचा भाता लावून बैठकीत मांडी घालून बसवली, आणि पाहता पाहता ती देशभर पसरली. रवींद्रनाथांना ती पसंत नव्हती. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने तिला दारातच अडवले; स्वराज्य आले तरी ती बंदी उठली नाही, ती सैल व्हायला १९७१ साल उजाडावे लागले. आरोप दोन होते: हिच्यावर मींड निघत नाही, आणि हिचे स्वर सारख्या मापाने कापलेले असल्यामुळे आपल्या गळ्याशी जुळत नाहीत.

दोन्ही आरोप खरे आहेत. एका पट्टीपासून लगतच्या पट्टीपर्यंतच्या अंतराचे शंभर भाग कल्पिले, तर कीबोर्डवरचा शुद्ध गंधार हा तंबोऱ्याच्या झंकारात आपसूक ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे चौदा भागांनी चढा असतो. ज्याचा कान तयार आहे त्याला हे टोचते. पण एवढ्यावरून काय सिद्ध झाले? वाद्य अपुरे आहे, एवढेच. अपुऱ्या वाद्याने साथ करायची तर वाजवणाऱ्याने अधिक ऐकले पाहिजे. रेडिओने दार लावले त्या तीस वर्षांत खेड्यापाड्यांतल्या देवळांत भजनाला पेटीच होती. भजनी बुवा एका हाताने भाता ओढीत, दुसऱ्या हाताने पट्ट्या दाबीत आणि गात. टाळकरी पुढे पळाले तर त्यांना आवरीत, मागे राहिले तर सांभाळून घेत. त्यांनी कुठली ग्रेड दिली नव्हती.

आणि अपुऱ्या वाद्यातून मार्ग कसा काढायचा, ह्याचा धडा तर आपल्याच घरात आहे. गोविंदराव टेंबे हे नाव नाट्यसंगीताच्या वाचकांना नवे नाही. १९११ सालच्या 'मानापमाना'च्या चाली त्यांच्या, १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी निघाली तिच्या संस्थापकांत ते होते, आणि पेटी तर त्यांच्या हातात अशी बोलू लागली की पेटीला नाके मुरडणारेही ऐकत बसले. भास्करबुवा बखल्यांसारख्या गवयाच्या मागे बसून त्यांनी साथ केली. ज्या पेटीवर मींड निघत नाही तिच्यावर शेजारच्या स्वराचा नुसता कण लावून, पट्टी दाबण्याच्या आणि सोडण्याच्या क्षणाशी खेळून, मींडेचा भास उत्पन्न करायचा, ही पेटीवाल्यांची विद्या आहे. ती साथीतून आली. गवई जे गळ्याने करतो ते आपल्या हातून होत नाही, हे दुःख ज्याला रोज समोर बसून सोसावे लागते त्यालाच अशी युक्ती सुचते.

हेच पुढे दूर अमेरिकेत घडले. तिथल्या शेतकऱ्यांच्या, मजुरांच्या, मालमोटारी हाकणाऱ्यांच्या गाण्यांना 'कंट्री' म्हणतात. टेनेसी राज्यातले नॅशव्हिल हे त्यांचे मोठे ठाणे. त्या गाण्यात एक पोलादी गिटार असते आणि तिचे सूर मींडेने घसरतात. पियानोची पट्टी घसरणार कशी? १९६० च्या सुमारास फ्लॉइड क्रेमर नावाच्या पियानोवाल्याने एक ढब लोकप्रिय केली: हव्या त्या स्वराच्या अलीकडची पट्टी ओझरती दाबायची आणि तत्क्षणी खऱ्या स्वरावर उतरायचे. म्हणजे आमचा कणच! कोल्हापूरच्या मातीतले गोविंदराव आणि हा अमेरिकन, दोघांची गाठ पडण्याचा संभव नव्हता. अडचण एक, म्हणून उपाय एक.

त्याच गावची दुसरी गोष्ट आमच्या वर्गांनी विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. १९५० नंतरच्या दशकात तिथल्या एका गायकवृंदातल्या नील मॅथ्यूज ह्यांनी स्वरमेळांना अक्षरांऐवजी आकडे देण्याची रीत काढली आणि नॅशव्हिलच्या वादकांनी ती उचलून धरली. पहिला, चौथा, पाचवा, एवढेच लिहायचे. गाणारा म्हणाला, आज माझा घसा बसला आहे, थोडे खाली घ्या, तर कागद बदलावा लागत नाही. पहिला कुठे धरायचा तेवढे बदलते. आपल्याकडे हे नवीन का आहे? आपला षड्ज तर पहिल्यापासून फिरता आहे. काळी एक, काळी चार, पांढरी चार असे म्हणत आमचे पेटीवाले गाणाऱ्याच्या गळ्यापाशी षड्ज नेऊन ठेवीत आले आहेत. असे असता आमच्या मुलाला एका ठरावीक पट्टीवर खिळवून ठेवायचे आणि आजीला विचारायचे, तुम्ही कुठल्या स्केलमध्ये गाणार! उत्तर शोधण्याचे काम वाजवणाऱ्याचे आहे.

ते कसे शोधायचे, हे मी भजनी बुवांना आणि जुन्या पेटीवाल्यांना विचारून समजून घेतले. त्यात गूढ काही नाही.

प्रथम हात मांडीवर ठेवावेत आणि एक कडवे नुसते ऐकावे. गाणे ज्या स्वरावर येऊन विसावते तो तिचा षड्ज. तो पट्टीवर सापडला की हळूच धरावा. दोन पट्ट्यांच्या मधोमध पडला तर गाणारीला ओढू नये. बहुतेक कीबोर्डांत सूर बारकाईने वरखाली करण्याची सोय असते, ती वापरून वाद्य तिच्याकडे सरकवावे. डाव्या हाताने षड्ज आणि पंचम धरावेत. गाण्याचा कल मध्यमाकडे असेल तर षड्ज आणि मध्यम. गंधार डाव्या हाताने दाबू नये, कारण तो चढा गंधार तिच्या गंधाराशी भांडतो. तीन स्वरांची मोळी बांधून प्रत्येक मात्रेला आपटण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. उजव्या हाताने आधी ओळीचा शेवटचा स्वर तेवढा द्यावा. दोन कडव्यांनी अर्धी ओळ. मग सगळी ओळ, पण तिच्या अर्धे पाऊल मागून. ती श्वास घेईल तेव्हा जी रिकामी जागा पडते ती आपली. तिथे तिचेच दोन स्वर तिला परत द्यावेत, म्हणजे पुढची ओळ तिला आठवते. आणि यंत्रातल्या ठेक्याची कळ ही आपल्या वाद्याला नाहीच, असे समजून चालावे.

एवढे शिकायला महिना लागेल, अंगात मुरायला वर्ष. पण ह्या वर्षात मुलाचा कान जेवढा तयार होईल तेवढा तुकडे घोटून होणार नाही.

आता दुसरा पक्ष बोलेल. तो पहिल्याच्या उलट आहे. तो म्हणतो, "गावठी गाण्यात शिकण्यासारखे आहे काय? चार स्वरांचा तर जीव." ह्या पक्षाची माणसे पांढरपेशा घरांत आढळतात तशी, वाईट वाटते पण सांगितले पाहिजे, गावठाणांतल्या नव्या सुखवस्तू घरांतही आढळतात. त्यांना मी एवढेच विचारतो: मराठीतली आद्य कवयित्री म्हणून आपण जिचे नाव घेतो त्या महदंबेने तेराव्या शतकात काय रचले? धवळेच रचले. महानुभाव पंथाच्या त्या विदुषीला लग्नाच्या गाण्याचा हा घाट तुच्छ वाटला नाही. साहित्याच्या इतिहासात जे पहिल्या पानावर आहे ते गावठाणातल्या म्हातारीच्या तोंडी आले की गावठी कसे होते? जात्यावरच्या ओव्यांचे पाहा. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ ह्यांच्या संकलनात १ लाखाहून अधिक ओव्या जमल्या. एवढे काव्य निरक्षर म्हटल्या गेलेल्या बायांनी पीठ दळता दळता रचले.

आणि चार स्वरांच्या गाण्याची साथ सोपी, असेही कुणी समजू नये. हंगेरीत बेला बार्टोक आणि झोल्तान कोडाय ह्या दोन तरुण संगीतकारांनी खेड्यापाड्यांतून शेतकऱ्यांची गाणी जमवायला सुरुवात केली आणि १९०६ साली त्यांतली वीस गाणी पियानोच्या साथीसह छापली. बार्टोकने पुढे मुलांना पियानो शिकवण्यासाठी तुकड्यांची पुस्तके लिहिली, तीही हंगेरियन आणि स्लोव्हाक लोकगीतांवर. म्हणजे ज्या पियानोची आपल्याला एवढी प्रतिष्ठा वाटते, त्याच्या मोठ्या जाणकारांपैकी एकाने आपल्या देशातल्या मुलांच्या बोटांखाली पहिल्यांदा काय ठेवले, तर शेतकऱ्याचे गाणे. आम्ही मात्र त्याच वाद्यावर आमच्या मुलाला परमुलखातले बडबडगीत शिकवतो आणि घरातल्या बाईचे गाणे हळदीच्या रात्री कर्ण्यांच्या भिंतीखाली गाडतो.

ह्यात पणाला काय लागले आहे, तेही स्पष्ट बोलू. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ९५ गावांच्या जमिनींवर हे शहर उभे राहिले. भातखाचरे गेली, मिठागरे गेली, खाडीकाठ गेला. १९८४ च्या जानेवारीत जासई परिसरात ह्याच जमिनींच्या मोबदल्यासाठी पाच माणसांनी प्राण दिले. जमिनीसाठी भांडता येते, कारण तिचा सातबारा असतो. गाण्याचा सातबारा नाही. घणसोली, करावे, सारसोळे, दिवाळे अशी गावे इमारतींच्या मधोमध अजून आहेत, आणि तिथल्या जुन्या बायांच्या कंठात ते गाणे अजून आहे. पण धवळारणी आता थोड्याच उरल्या आहेत, आणि ज्या उरल्या आहेत त्यांच्या मागे बसायला कुणी नाही. लग्नाला वाजंत्री मिळते, बेंजो पार्टी मिळते, वाटेल तेवढा आवाज विकत मिळतो. म्हातारीच्या दमाने चालणारा एक मुलगा मिळत नाही.

ध्वनिमुद्रण करून ठेवा, असा सल्ला हुशार लोक देतात. अवश्य करावे. पण मुद्रणाने गाणे जपले जाते, चालू राहत नाही. चालू राहायला ते कुणाला तरी अंगाने माहीत व्हावे लागते: इथे ती थांबते, इथे आवाज चढवते, इथे हसू आवरून पुढे जाते. साथ करणाऱ्याला हे सगळे माहीत होते, आणि गाणारी नसली तरी त्याच्याजवळ ते राहते. उद्या नात गायला बसली तर तिला पुढची ओळ सुचवणारा कुणी असेल.

कुणी म्हणेल, धवळ्याला वाद्य नव्हतेच तर आता घालता कशाला? लग्नाच्या मांडवात घालू नका. विधी आहे तसा राहो. पण घरात, शाळेत, संमेलनात मुलाला त्या गाण्याजवळ नेऊन बसवायला त्याच्या हातातल्या वाद्यासारखे दुसरे निमित्त नाही. 'आजीचे गाणे ऐक' म्हटले तर दहा वर्षांचे पोर पळून जाते. 'आजीच्या गाण्याला साथ कर' म्हटले तर बसते, आणि बसले की ऐकते.

पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. दरबारात आणि मोजक्यांच्या बैठकीत अडकलेले गाणे सामान्य घरांतल्या मुलामुलींपर्यंत आणावे, ही त्यांची जिद्द. त्यांच्या परंपरेतल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची वास्तू आज आपल्या वाशीत उभी आहे. विद्येचे गाणे घराघरांत आणण्याचे काम त्या महापुरुषाने आणि त्याच्या शिष्यांनी केले. आता घरातले गाणे विद्येपर्यंत नेण्याचे काम राहिले आहे, आणि त्याला महापुरुष लागत नाही. कीबोर्डच्या प्रत्येक वर्गाने आठवड्यातला एक तास साथीला द्यावा, आणि त्या तासाला कुणाची आई, कुणाची आजी, कुणाच्या घरी कामाला येणारी मावशी, अशी एक गाणारी बोलवावी. शाळांनी संमेलनात एकट्याच्या वादनाला जसे बक्षीस असते तसे साथीलाही ठेवावे, आणि ते कोणाला द्यायचे हे गाणारीला विचारून ठरवावे.

पण वर्ग आणि शाळा जागे होण्याची वाट कशाला पाहायची? दिवाळीची सुटी आहे. तिकिटे काढून दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमांना जाल, जरूर जा. भाऊबीजेला आत्या, मावश्या, आज्या एकत्र जमतील. फराळाची ताटे उचलली की त्यांच्यातल्या एखादीला जुने गाणे म्हणायला सांगा. ती आधी नाही म्हणेल, मग पदर तोंडाला लावून हसेल, मग म्हणेल. त्या वेळी घरातल्या वाजवणाऱ्या मुलाला जवळ बसवा. प्रमाणपत्र दाखवायला लावू नका, बसवलेला तुकडा वाजवायला लावू नका. गाणारीने पहिला सूर लावेपर्यंत हात मांडीवर ठेवायचे, एवढे त्याला सांगा.